विमलताईंच्या नावाची फाइल

जुन्नर तालुक्यात कशालाही नाव द्यायची वेळ आली की माणसं फार डोकं शिणवत नाहीत. शिवनेरी. रसवंती शिवनेरी, गॅरेज शिवनेरी, केशकर्तनालय शिवनेरी, पोरांचा क्रिकेटचा संघ शिवनेरी. आमच्या आंबेगावातही तीच गत. किल्ला शेजारच्या तालुक्यात असला म्हणून काय झालं. त्यामुळे आमच्या संस्थेच्या दवाखान्यात एका माणसानं आणि कॉलेजात दुसऱ्यानं, एकमेकांना न विचारता, आपापल्या सर्व्हरच्या डोमेनला हेच नाव देऊन ठेवलं होतं. मला ते कळलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. पुढचं सगळं त्या नावापासून सुरू झालं, म्हणून सांगायलाही तिथूनच सुरुवात करते.

संपादकांनी माझ्याकडे मागितल्या होत्या कॉम्प्युटर नवा होता तेव्हाच्या गमतीजमती. त्या माझ्याकडे पोतंभर आहेत. खंडेनवमीला कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलेलं, आणि ते बटणांच्या फटीतून आत जाऊन आठवडाभर ‘एस’ आणि ‘डी’ चिकटलेले. यूपीएसवर नारळ फोडला, पाणी आत गेलं, आणि वर मलाच विचारलं, "मॅडम, पूजा करूनबी बंद कसं पडलं?" हे सांगून मी बऱ्याच समारंभांत टाळ्या घेतल्या आहेत. पण आता नोकरी संपली, आणि लिहायला बसले की यातलं काहीच हाताशी येत नाही. दुसरंच येतं. तेव्हा संपादकांनी रागावू नये.

मी महाळुंगे पडवळची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. घरात शिक्षणाला कुणी आडकाठी केली नाही, कारण बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून पोरीला ‘पुरे झालं’ म्हणायची आमच्या आण्णांची छाती नव्हती. पुण्यात राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि या संस्थेत लागले. संस्थेचं नाव लिहीत नाही, गावंही थोडी इकडची तिकडं केली आहेत. दवाखाना आळेफाट्याच्या बाजूला, कॉलेज आणि मुलींचं वसतिगृह आंबेगावात, मध्ये एसटीनं तासाभराचं अंतर. दोन्हीकडच्या यंत्रांची जबाबदारी माझ्या एकटीवर. ही दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट.

डोमेन म्हणजे काय, ते मी आईला जसं सांगितलं होतं तसंच सांगते. एका कचेरीतल्या कॉम्प्युटरांचा एक पुढारी असतो, तो सर्व्हर. कोण आपला, त्याचा पासवर्ड काय, ही यादी त्याच्याजवळ. त्या यादीत जी माणसं आणि जी यंत्रं येतात त्यांची मिळून एक हद्द होते, गावाची शीव असते तशी. ते डोमेन. आता दवाखान्याची एक हद्द आणि कॉलेजची दुसरी. इकडच्या माणसाला तिकडचा कागद बघायचा असेल, तर दोन पुढाऱ्यांमध्ये आधी बोलणी व्हावी लागतात. एका गावचा पोलीस पाटील सांगतो, हा माणूस आमचा, मी ओळखतो. दुसऱ्या गावचा पाटील त्याचा शब्द मानतो. कुणी कुणाचा शब्द मानायचा, एकानंच की दोघांनी, हे नीट ठरवून मांडणं हे माझं काम.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हंजे सोयरीक जुळवल्यासारखंच की. मग समोरच्या घराची चौकशी केली का?"

मी म्हटलं, एकाच संस्थेची दोन घरं आहेत, चौकशी कशाची करायची. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

आणखी एक गोष्ट आहे, तीच महत्त्वाची. पाटलानं शब्द मानला म्हणजे माणूस गावात आला, एवढंच. कुणाच्या घरात शिरायचं ते वेगळं. प्रत्येक फोल्डरला आपली परवानगी असते: याला उघडू द्या, त्याला नको. तिथं एक तयार गट असे, ‘एव्हरीवन’. सगळे. आळशी माणसाला फार सोयीचा. जोवर दवाखाना एकटा होता तोवर सगळे म्हणजे दवाखान्यातले पंधराएक जण. पण तुम्ही दुसरं डोमेन जोडलं की त्या क्षणाला तिकडचे सगळेही त्या ‘सगळ्यां’त येऊन बसतात. पडद्यावर काहीच बदलत नाही, कुठं घंटा वाजत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत यावर मला मार्कही मिळाले होते.

हे काम निघालं ते आरोग्याच्या दाखल्यांमुळे. वसतिगृहाच्या मेसमधल्या बायकांना दरवर्षी दवाखान्यातून तपासून घ्यावं लागे आणि दाखला कॉलेजच्या कचेरीत लावावा लागे. शिपाई दाखले आणायला जायचा, फाट्यावर मिसळ खायचा आणि दाखले एसटीत विसरून यायचा. कॉलेजचे हेडक्लार्क गोविंदराव वैतागले होते. त्यांनीच अध्यक्षांना सुचवलं की दवाखान्यानं दाखला कॉम्प्युटरवर टाकावा आणि आम्ही इथं बघावा. अध्यक्षांना, म्हणजे आमच्या दादांना, कल्पना एकदम पसंत पडली. दादांना उद्घाटनं आवडायची.

टेलिफोनवाल्यांकडून दोन इमारतींमध्ये कायमची लाइन घेतली. ती पहिल्याच महिन्यात तुटली. शोधत शोधत गेलो तर एका शेतकऱ्यानं पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदलेला. चराच्या काठावर उभा राहून तो म्हणाला, "ताई, वायर व्हती व्हय ती? मला वाटलं कसलं मूळ हाय. लई चिवाट व्हतं राव, कुऱ्हाडीनं तोडावं लागलं." त्याच्यावर रागवावं तरी कसं? त्यानं आम्हाला हुरडाही खायला घातला. माझ्या कामातले असले घाव दिसायचे, चर बुजवला की भरून यायचे.

लाइन जोडली आणि मग कळलं की दोन्ही डोमेनचं नाव एकच. एकाच नावाचे दोन पाटील एकमेकांचा शब्द मानूच शकत नाहीत. शब्द नक्की कुणाचा तेच ठरत नाही. एकाचं नाव बदलणं भाग होतं. कॉलेजचं बदलायचं तर प्राचार्य हटून बसले. म्हणून दवाखान्याचं बदलायचं ठरलं. नाव बदलायचे बरे मार्ग होते, पण तेव्हा मला एकच येत होता: सर्व्हर पुसून पुन्हा नव्यानं उभा करायचा. फाइली बाजूला काढून ठेवल्या आणि परत भरल्या. फाइली जशाच्या तशा आल्या, परवानग्या मात्र एकही जागेवर नाही. कुठलं फोल्डर कुणाचं, हे सगळं नव्यानं मांडायचं होतं, आणि उद्घाटनाला चार दिवस राहिले होते. पत्रिका छापून झाल्या होत्या.

रफिकभाई आमच्या लॅबचे टेक्निशियन. जुन्नरचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकबांधणीचं काम होतं, त्यामुळे कागद हा जपून हाताळायचा असतो हे त्यांच्या अंगातच होतं. रिपोर्टचं पाकीट स्वतः चिकटवायचे आणि ज्याचं त्याच्याच हातात द्यायचे. नवऱ्याचा बायकोला नाही, बायकोचा सासूला नाही. आमच्या भागात एका गावात एका आडनावाची शंभर घरं, म्हणून फाइलीला ते माणसाचं नाव आणि गाव द्यायचे. ही त्यांची पद्धत चांगलीच होती; चुकीच्या माणसाला रिपोर्ट कधी गेला नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, माझं फोल्डर बाहेर दिसणार नाही ना?"

"नाही हो. आत्ता सगळं चालू तर होऊ द्या."

"नाही म्हणजे, त्यात काय काय असतं ते तुम्हाला माहिताय. फाट्यावरचे ड्रायव्हर येतात, त्यांच्या बायका येतात. आम्ही त्यांना शब्द दिलेला असतो."

"उद्या कार्यक्रम झाला की करते, रफिकभाई. तात्पुरतं सगळ्यांना ठेवलंय."

‘तात्पुरतं’ हा शब्द मी नोकरीत जितक्या वेळा वापरला तितका दुसरा कुठलाही वापरला नसेल. मी सगळ्या फाइलींच्या मुळाशीच ‘एव्हरीवन’ टाकलं होतं, म्हणजे खालचं झाडून सगळं उघडं. शब्द दोन्ही बाजूंनी मानायचा ठेवला होता. आणि गोविंदरावांच्या कॉम्प्युटरवर दाखल्यांचं एक फोल्डर जोडून द्यायचं, तर दवाखान्याचा आख्खा ड्राइव्हच जोडून दिला. का, तर उद्घाटनात दादांच्या बोटाखाली काहीतरी उघडलं नाही असं व्हायला नको. माझी अब्रू जायला नको.

विमलताईंची ओळख आता करून देते. त्या वसतिगृहाच्या मेसमध्ये भाकऱ्या करायच्या. माहेर मढचं, माळशेजच्या वाटेवरचं. नवरा फाट्यावरून ट्रक चालवायचा, दीड वर्षापूर्वी वारला होता. कावीळ झाली म्हणून सांगायचे. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून मेसचं काम हेच त्यांचं घर. वसतिगृहाच्या मागच्या खोलीत राहायच्या. मी कॉलेजात असले की दुपारी तिथंच जेवायचे. मला पापुद्रा सुटलेली भाकरी लागते हे त्यांना माहीत होतं. तव्यावरून थेट ताटात टाकायच्या आणि म्हणायच्या, "खा गपगार. कॉम्प्युटर काय पळून जात न्हाई."

उद्घाटनाला चहा घेऊन त्याच आल्या होत्या. दादांनी बटण दाबलं, दाखल्यांची यादी पडद्यावर आली, टाळ्या झाल्या. विमलताई ट्रे धरून मागं उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "माजं बी नाव असंल का त्यात?"

गोविंदराव खुशीत होते. त्यांनी त्यांचा मागच्या वर्षीचा दाखला काढून दाखवला. "बघा विमलबाई, तुमी बी आल्या कॉम्प्युटरमधी."

विमलताईंना वाचायला जेमतेम यायचं. पडद्याजवळ वाकून त्यांनी आपलं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं आणि पदर सावरून हसल्या. मलाही फार बरं वाटलं होतं. मला वाटलं, बघा, आपल्या कामानं कुणाला तरी आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी परवानग्या लावायला बसणार होते. तर प्राचार्यांचा प्रिंटर अडकला. मग परीक्षेचे अर्ज आले. मग मला ताप आला. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण चालण्यासारखं नाही.

साधारण महिन्याभरानं विमलताई दवाखान्यात जाऊन आल्या. वार्षिक तपासणी होती, ती झालीच. पण त्या दिवशी त्यांनी रफिकभाईंना एकटं गाठून आणखी एक तपासणी करायला सांगितली. नवरा कशानं गेला याची शंका त्यांच्या मनात दीड वर्ष होती. धाडस करायला त्यांना तेवढे दिवस लागले. रफिकभाईंनी रक्त घेतलं, समजावून सांगितलं, आणि आठवड्यानं या, रिपोर्ट तुमच्याच हातात देईन, डॉक्टरीणबाई बोलतील, असं म्हणाले. कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं त्यांनी. मलासुद्धा नाही.

आठवडा व्हायच्या आत गोविंदरावांना त्यांचा नवा दाखला हवा होता. त्यांनी कॉम्प्युटरवर विमलताईंचं नाव घालून शोध लावला. मागच्या वर्षीचा दाखला सोडला, तर एकाच्या जागी दोन फाइली आल्या. दोन्हींवर विमल, मढ. एक दाखला. गोविंदरावांनी दुसरी उघडली.

गोविंदराव वाईट माणूस नव्हे, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांच्यावर ढकललं की मी सुटते, आणि मला सुटायचं नाही. उघड्या दारातून माणूस आत बघतोच. त्यांनी बघितलं, घाबरले, आणि घरी बायकोला सांगितलं, कुणाला बोलू नको म्हणून. त्यांच्या मेहुणीची मुलगी वसतिगृहात होती. रिपोर्टमध्ये काय आलंय हे कळायची गरजच पडली नाही. एड्सची तपासणी केली, एवढ्यानंच भागलं.

त्या सोमवारी मी जेवायला गेले तर मेसमध्ये शांतता. मुली बसलेल्या, ताटात भात आणि आमटी. भाकरीची पाटी भरलेली, फडकं तसंच. विमलताई तव्यापाशी बसून एकापाठोपाठ एक थापतच होत्या.

"आज कुणाला भाकर नको झालीय," त्या म्हणाल्या. "पोट दुकतंय म्हनत्यात. समद्यांचं एकदम."

दुसऱ्या दिवशी गावांकडून डबे यायला लागले. तिसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी त्यांना सांगितलं की पिण्याच्या पिंपाला हात लावू नका. आठवडा संपायच्या आत त्यांना स्वयंपाकातून काढून अंगण झाडायला लावलं. मेसच्या दारातून आत यायचं नाही. चहा बाहेर मिळेल, वेगळ्या कपात.

माझ्या आईला लहानपणी विहिरीवर वरून पाणी ओतायचे. तिनं ओंजळ धरायची, वरचा ओतणार. ती हे सांगताना रडायची नाही, हात मात्र तसेच धरून दाखवायची. विमलताईंना पायरीखाली उकिडवं बसून तो वेगळा कप धुताना मी पाहिलं आणि मला आईचे हात आठवले. मी त्या दिवशी त्यांच्याजवळ पायरीवर बसून जेवले. त्यात काय मोठं केलं? भाकरी दुसऱ्या बाईनं केलेली होती.

बातमी नक्की कुठून आली हे तोवर मला माहीत नव्हतं. दवाखान्याचा कुणीतरी बोलला असेल असं वाटत होतं. गोविंदराव माझी नजर टाळायला लागले तेव्हा मला वेगळीच शंका आली. दुपारच्या सुटीत त्यांच्या टेबलाशी बसले. दवाखान्याचा ड्राइव्ह उघडला. त्यात लॅबचं फोल्डर. दोनदा दाबलं. उघडलं.

नावांची रांग लागली. आळे, ओतूर, बेल्हे, राजुरी, मढ. कितीतरी माणसं. आणि त्यात विमलताई.

एवढं पुरेसं होतं. दार उघडं आहे का हे बघायचं होतं, ते दिसलं होतं. तिथंच मला उठता आलं असतं. मी तीही फाइल उघडली आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. कशासाठी, ते पंचवीसेक वर्षांत मला स्वतःला पटेल असं सांगता आलेलं नाही. गोविंदरावांना निदान दाखला हवा होता.

मग मी सगळं बंद केलं. लॅबचं फोल्डर लॅबच्या दोघांना. दाखल्यांचं फोल्डर फक्त गोविंदराव आणि त्यांच्या मदतनीसाला, तेही नुसतं वाचायला. ‘सगळे’ जिथं जिथं होते तिथून काढून टाकले. ड्राइव्ह तोडून तेवढंच फोल्डर जोडलं. घड्याळ बघितलं. वीस मिनिटं लागली होती.

संध्याकाळच्या गाडीनं दवाखान्यात गेले आणि रफिकभाईंना सांगितलं. ते पाकिटं चिकटवत होते. ऐकून घेतलं, डिंकाची बाटली बंद केली.

"मी विचारलं होतं ना, मॅडम?"

"हो."

"तुम्ही उद्या म्हणाला होता."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच बोलले आणि पुढचं पाकीट घेतलं.

मी दादांकडे गेले आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. लिहूनही नेलं होतं. दादांनी कागद वाचला नाही. म्हणाले, "तुमचं ते कॉम्प्युटरमधलं आमाला काय कळत न्हाई. रिपोर्ट कुनाच्या खात्यातला? लॅबच्या. मग ज्याचं खातं त्यानं सांभाळायचं. आन विषय वाढवू नका, संस्थेचं नाव खराब व्हतं." मेमो रफिकभाईंना मिळाला. माझा कागद परत माझ्या हातात आला. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा नेऊन द्यायला हवा होता, वरही पाठवता आला असता. मी तो पर्समध्ये ठेवला. नोकरी लागून तीनच वर्षं झाली होती, आण्णा रिटायर झाले होते. ही पण कारणंच.

आता शेवटचं.

शुक्रवारी दुपारी आळेफाट्याच्या स्टँडवर विमलताई दिसल्या. कल्याणकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत एका पिशवीवर बसल्या होत्या. त्याच गाडीनं मढला उतरता येतं. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी पिशवी सरकवून मला जागा केली.

"चालला का?"

"भावाकडं. झाडायला काय, झाडलं असतं मी. पर पोरी वाट सोडून पलीकडनं जात्यात वो. माज्या हातचं खाऊन मोठ्या झाल्या त्या."

"दवाखान्यात जाऊन या ना आधी. रफिकभाईंकडं. मी येते संगं, इथून जवळच आहे."

"आता कशाला?" त्या रस्त्याकडे बघत होत्या. नाशिककडचे कांद्याचे ट्रक जात होते. मग माझ्याकडे वळल्या. "एक इचारू? तुमी कॉम्प्युटरवाल्या. तुमी वाचला असंल त्यो कागद. काय व्हतं त्यात?"

मी समोरच्या ट्रककडे बघायला लागले.

"समद्यांला म्हाईत हाय म्हनं. रेक्टरबाईला म्हाईत, पोरींच्या आयांला म्हाईत, हितं चहावाल्याला म्हाईत. मी एकटीच ऱ्हायले. मला कुनी सांगितलंच न्हाई."

मला सांगता आलं असतं. नियमानं ते डॉक्टरांनी सांगायचं असतं, हे खरं. पण त्या क्षणी माझ्या मनात नियम नव्हता. मी वाचलं हे कबूल केलं, तर कसं वाचलं हे सांगावं लागलं असतं. आणि मग उद्घाटनाच्या दिवशी पडद्यावर आपलं नाव बघून हसलेल्या या बाईला मला सांगावं लागलं असतं की ते दार मी उघडं ठेवलं होतं.

"नाही विमलताई," मी म्हणाले. "मी नाही वाचला."

त्यांनी मान हलवली. "बरं केलं," म्हणाल्या. "येक तरी मानूस." आणि माझ्या हातावर हात ठेवला. गाडी आली. मी पिशवी वर चढवून दिली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी रफिकभाई पाकीट घेऊन मढला गेले. मेमो मिळालेला माणूस, स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या वेळात. घराला कुलूप होतं. भाऊ कामासाठी घाट उतरून खाली गेला, बहीणही गेली, एवढंच शेजारी सांगू शकले. कुठं, ते कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतर मी तीनदा जाऊन आले. तिसऱ्या वेळी घरात दुसरी माणसं राहत होती.

मी नोकरी पूर्ण केली. पुढं पुष्कळ डोमेन जोडली, मोठमोठ्या ठिकाणची. कडक बाई म्हणून माझं नाव झालं. उद्घाटन पुढे ढकला, म्हणणारी मी. हाताखालची माणसं माझ्या मागं ‘कुलूपबाई’ म्हणायची, मला ते ऐकू यायचं. त्यांना वाटायचं माझा स्वभावच तसा.

रफिकभाई निवृत्त झाले तेव्हा पेढे घेऊन घरी आले होते. जाताना खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं. कागद पिवळा पडला होता, पण त्यांनी चिकटवलेली कड जरासुद्धा सुटलेली नव्हती. वर त्यांच्या अक्षरात विमलताईंचं नाव, आणि खाली मढ. "हे आता तुमच्याकडं ठेवा," म्हणाले, "माझ्या मागं कुणीतरी उघडेल." मी कसंबसं म्हटलं, की रफिकभाई, मी ते तेव्हाच वाचलंय. ते म्हणाले, "माहिताय मला. म्हणून तर तुमच्याकडं देतोय. तुम्ही आता उघडणार नाही."

पाकीट कपाटात आहे. ही हकिगत मी ज्यांना ज्यांना सांगितली, ते सगळे शेवटी एकच विचारतात, की मग रिपोर्टमध्ये होतं काय? तुम्हीही विचाराल. ते मी इथं लिहिणार नाही. ते आधी विमलताईंना कळायला हवं, आणि त्या मला अजून भेटलेल्या नाहीत.